मिठाच्या पाण्यातली लिची

दुबईहून परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "अण्णा, ती उंच बिल्डिंग बघितली का?" बघितली. गाडीतून बघितली, मान अवघडली, संपलं. मी बिल्डिंगा बघायला गेलो नव्हतो. मी लेकीचं बाळंतपण करायला गेलो होतो.

हसा. सासवडात सगळे हसले, तुम्हीही हसून घ्या. बाप बाळंतपण करायला जातो असं आमच्याकडं कुणी ऐकलं नव्हतं. पण सोनालीची आई, आमची कुसुम, गेल्या दिवाळीच्या आधी गेली. जावयाच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. सून दोन पोरं आणि दुकान टाकून जाणार कशी? सोनाली फोनवर म्हणाली, "अण्णा, कुणी नको. आम्ही करू मॅनेज." ते 'कुणी नको' माझ्या कानाला बरं लागलं नाही. मी मंदाररावांना, म्हणजे जावयाला, सांगितलं, "तिकीट काढा. मी येतो."

माझं शिक्षण चौथी. त्यानंतर सगळी हयात एसटी स्टँडसमोरच्या फळांच्या गाळ्यात गेली. अंजीर, सीताफळ, डाळिंब, कलिंगड, आंबा. फळ हातात घेतलं की आत काय आहे ते मी सांगतो. स्वयंपाकात मात्र मला चहा येतो आणि पिठलं येतं. आईनं लेकीला जे खाऊ घातलं असतं ते आपण खाऊ घालायचं, पोरीनं पोटभर जेवायचं, एवढं एकच काम डोक्यात घेऊन निघालो. बॅगेत डिंक, अळीव, खारीक, सुंठ, ओवा, बाळंतशेपा, आणि माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, बांधून दिलेला लाडवांचा डबा.

अल बर्शा

जूनचा महिना. विमानतळाच्या दारातून बाहेर पडलो आणि भट्टीचं झाकण उघडल्यासारखी झळ तोंडावर आली. गाडीत बसलो तर थंडी. अल बर्शातल्या त्यांच्या घरात शिरलो तर आणखी थंडी. त्या देशात माणसं उन्हातून थंडीत आणि थंडीतून उन्हात उड्या मारत दिवस काढतात. माझ्या चष्म्यावर तर दर दाराला धुकं धरायचं.

नात बघितली. काळेभोर केस, मुठी आवळलेल्या, नाक कुसुमचं. बोललो मात्र नाही.

सोनाली तोंडानं हसली, डोळ्यांनी नाही. पोरगी वाळली होती. दूध पुरेसं येत नव्हतं म्हणून पावडरचा डबा आणलेला. डॉक्टरीण म्हणाली होती, काळजीचं काही नाही, बाळाचं वजन ठीक आहे, आईनं नीट खावं आणि झोपावं. सोनाली दोन्ही करत नव्हती. मी लाडू दिला. तिनं एक घास तोडला, उरलेला बशीत ठेवला आणि बशी बाजूला सरकवली. अक्काच्या लाडवाला कुसुमच्या लाडवाची चव नाही, हे मला न खाताही माहीत होतं.

मग मी माझं डोकं चालवलं. बाहेर एवढी आग, तर पोटात थंड जाऊ दे. सकाळी ताक, दुपारी बर्फ घालून कलिंगडाचा रस. कलिंगड मी स्वतः निवडलेलं, लालबुंद, साखरेसारखं. ती थोडं प्यायची आणि ग्लास तसाच धरून बसायची. रोज असंच. मंदारराव ऑफिसला जाताना मला लिफ्टपाशी हळूच विचारायचे, "अण्णा, खाल्लं का काही तिनं?" मी म्हणायचो, "खाईल, खाईल." आणि परत येऊन उरलेलं मीच गिळायचो.

एका सकाळी म्हटलं, धुरी तर देऊ. कुसुम बाळाच्या खोलीत ओव्याची धुरी फिरवायची. करवंटीचा तुकडा गॅसवर पेटवला, वाटीत ठेवला, वर ओवा आणि बाळंतशेपा टाकला. वास असा सुटला की माझं मलाच घरी आल्यासारखं झालं. तेवढ्यात छताला चिकटवलेली एक पांढरी डबी अशी बोंबलायला लागली की नात दचकून उठली, सोनाली ओरडली, आणि खालचा मल्याळी वॉचमन धावत वर आला.

"अंकल, क्या जलाया?"

"ओवा."

"ये अलाउड नहीं है, अंकल."

"हमारे यहाँ बच्चा होता है तो अलाउड होता है," मी म्हटलं. करवंटी मात्र सिंकमध्ये विझवली.

दार उघडंच होतं. शेजारच्या फ्लॅटमधली एक चिनी म्हातारी आत शिरली. विचारलं नाही, बिचारलं नाही. ठेंगणी, केस बारीक कापलेले, एवढ्या उन्हाळ्यात पायांत मोजे, छातीशी कापडानं बांधलेलं तान्हं पोर. तिनं हवेत वास घेतला. स्वयंपाकघरात जाऊन ओव्याची पुडी हुंगली आणि माझ्याकडं बघून मान हलवली. पसंत! मग तिची नजर सोनालीच्या हातातल्या ग्लासाकडं गेली. लाल रस, वर बर्फ तरंगतोय. म्हातारी सरळ चालत गेली, पोरीच्या हातातून ग्लास काढून घेतला, सिंकमध्ये ओतला, आणि रिकामा ग्लास माझ्यापुढं असा धरला जसा काही मी त्यातून विष देत होतो.

मग खिशातून फोन काढून त्यात काहीतरी बोलली. फोन हिंदीत बोलला, बातम्या देणाऱ्या बाईसारखा. "प्रसूता स्त्री को शीतल फल मत दीजिए. भीतर की अग्नि बुझ जाएगी."

मी पण गप्प बसणारा नाही. "बाहर देखो कितना धूप है," मी फोनला सांगितलं.

तिनं ऐकलं. खिडकीकडं बोट केलं, मान डोलावली. मग एसीकडं बोट केलं. मग सोनालीच्या पायांवरच्या जाड पांघरुणाकडं. आणि दोन्ही हात कोपरांशी धरून कुडकुडून दाखवलं.

मी बघत राहिलो. खरंच की. उन्हाळा बाहेर होता, पण माझी पोर बाहेर होतीच कुठं? ती रात्रंदिवस थंडीत बसली होती आणि मी वर बर्फ पाजत होतो. कुसुमनं मला उंबऱ्यातच धरलं असतं.

सोनाली हसायला लागली. खरं हसली. "अण्णा, आईच आली की ही!"

मी आल्यापासून त्या घरात 'आई' हा शब्द पहिल्यांदा निघाला. तो निघाला, आणि हसता हसता पोरीला रडू फुटलं. तिनं बाळाच्या दुपट्यात तोंड घातलं. चिनी म्हातारी पलंगाच्या कडेला बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी ग्लास घासत उभा राहिलो. बराच वेळ घासला.

शेजारचं दार

तिचं आडनाव लिन. मी लिनबाई म्हणायला लागलो. सोनाली मला अण्णा म्हणते ते ऐकून तीही मला 'आन्ना' म्हणायला लागली. तिला बहुतेक ते माझं नाव वाटलं, मीही दुरुस्त केलं नाही. चीनच्या दक्षिणेकडची. तीही लेकीच्या बाळंतपणासाठीच आलेली.

तिच्याकडचे नियम ऐकून मी चाटच पडलो. महिनाभर बाळंतिणीनं घराबाहेर पडायचं नाही. गार पाण्याला हात लावायचा नाही. वारा लागू द्यायचा नाही. पाणी प्यायचं ते ऊन, आलं घातलेलं. अक्काला चिनी बोलता आलं असतं तर हेच बोलली असती. एवढंच की आपल्याकडं डोक्याला तेल चोळून ऊन ऊन न्हाऊ घालतात आणि त्यांच्याकडं महिनाभर केसच धूत नाहीत. सोनालीनं तेवढं ऐकलं आणि म्हणाली, "हे नाही हं मी करणार. आणि अण्णा, सायन्समध्ये असलं उष्ण-थंड काही नसतं."

"नसेल," मी म्हटलं. "पण तुझं सायन्स तुला जेवायला घालत नाहीये."

लिनबाईंच्या हिशोबानं प्रत्येक फळाला स्वतःचा एक स्वभाव असतो. हाताला लागणारं गार-गरम वेगळं आणि स्वभाव वेगळा. कलिंगड थंड, केळं थंड, पेर थंड. लिची म्हणजे आग. आंब्यावर आमचं दोघांचं झटकन जमलं. मी म्हटलं "गरम", तिनं तोंडाशी बोट नेऊन ओठाला फोड आल्याचं दाखवलं. आमच्याकडंही आंबा अंगावर उठतो. फरक एवढाच, की कुसुमच्या घरात उष्ण आणि थंड असे दोनच खण होते, लिनबाईंच्या घरात मधलाही एक खण आहे. उष्ण नाही, थंड नाही, कुणालाही चालेल असा. कोणतं फळ खायचं हे नुसतं फळावर नाही, खाणाऱ्यावरही असतं, आणि ऋतूवरही. उभी हयात फळं विकली मी, पण मी बघितलं ते पिकलं का आणि टिकेल का. खाणाऱ्याचं पोट बघायचं काम गाळ्यात नव्हतं, ते घरी कुसुमकडं होतं.

बाळंतिणीच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून मी एकदा त्यांच्याकडं पेरं घेऊन गेलो. निवडून घेतलेली, एकावर डाग नाही. लिनबाईंनी पिशवी उघडली आणि माझ्याकडं असं बघितलं की माझ्या लक्षात आलं. पेर थंड! पुन्हा तीच चूक!

पण तिनं पिशवी परत केली नाही. मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, जीभ दाखवा. आता ह्या वयात परक्या बाईसमोर जीभ काढायची म्हणजे काय! काढली. तिनं चष्मा वर करून बघितली. मग फोनमध्ये बोलली.

"आपको सूखी खाँसी है," फोन म्हणाला.

होती. कुसुम गेल्यापासून होती. डॉक्टरनं छातीचा फोटो काढून बघितला, काही निघालं नाही. पण मी तर लिनबाईंसमोर एकदाही खोकलो नव्हतो. किंवा भिंतीपलीकडून ऐकू जात असेल. काय सांगावं, तिथल्या भिंती पातळ आहेत.

ती पुन्हा बोलली. फोन म्हणाला, "दुःख फेफड़ों में रहता है. फेफड़े सूख जाते हैं."

संध्याकाळी तिनं वाडगा आणून दिला. माझीच पेरं, साल काढून, खडीसाखर घालून उकडलेली. लेकीला वर्ज्य, मला औषध. मी सगळं संपवलं. खोकला गेला का विचाराल तर कमी झाला. पेरानं झाला की कुणीतरी विचारलं म्हणून झाला, ते मला ठाऊक नाही.

रास अल खोर

एका शनिवारी मंदारराव आम्हा दोघा म्हाताऱ्यांना रास अल खोरच्या घाऊक मार्केटला घेऊन गेले. सगळीकडं वर्कशॉप आणि गोडाऊन, मधे फळांचं मार्केट. त्या वाळवंटात एक फळ उगवताना दिसत नाही आणि मार्केटमध्ये जगातलं एक फळ कमी नाही. मला आतून गुदगुल्या झाल्या. सासवडच्या डाळिंबासारखं डाळिंब दिसलं, मी खोका उघडून हुंगायला लागलो तर एक हमाल मराठीत म्हणाला, "काका, हात लावला की घ्यावं लागतं हां."

"मला शिकवतोस? हे आतून काळं पडलंय. साल बघ कशी बसलीय."

तो हसला. सावंत त्याचं नाव, रत्नागिरीकडचा. दहाजण एका खोलीत राहतात म्हणाला. "काका, कुठले तुम्ही? आणि ह्या बाई कोण बरोबर?"

"शेजारीण."

"बरंय की तुमचं, काका!" मंदारराव तिकडं तोंड फिरवून हसत होते.

लिनबाई लिची हुंगून घेतात, मी वजन हातात तोलून घेतो. दोघांनी निवडलेला घड एकच निघाला. पण पुढं तिनं हिरव्या कच्च्या पपया पिशवीत घातल्या आणि सोनालीसाठी म्हणून दाखवलं, तेव्हा मी पिशवी धरली. पपई? कुसुमनं सुनेला पोटात पोर असताना पपईच्या टोपलीजवळसुद्धा उभं राहू दिलं नव्हतं. मी पपई काढून ठेवली. तिनं परत घातली. मी काढली. तिनं घातली. "आन्ना!" ती ओरडली. "लिनबाई!" मी ओरडलो. पपईवाला पठाण दोघांकडं बघून म्हणाला, "यल्ला, चलो, घर जाके लड़ो."

शेवटी मी तिथूनच अक्काला फोन लावला. तिनं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारल्याचा आवाज मला इकडं आला. "अरे मेल्या, ती गरोदरपणात नको. बाळंतिणीला कच्च्या पपईची भाजी दुधासाठी मुद्दाम घालतात. तुला एवढं पण ठाऊक नाही आणि निघाला बाळंतपण करायला!"

मी फोन ठेवला. पपई स्वतः उचलून पिशवीत घातली. गाडीत बसेपर्यंत लिनबाईंची मान ताठ होती.

बाहेर पडताना एका अरब म्हाताऱ्याकडं ताजा खजूर होता, अर्धा पिवळा, अर्धा पिकून तपकिरी. ह्याच दिवसांत येतो. घरी बाळंतीण आहे असं मंदाररावांनी सांगितलं तर त्यानं आणखी एक ओंजळ वर घातली. बाळंतिणीला खजूर, हे त्याला सांगावं लागलं नाही. मी खारीक म्हणतो, लिनबाई त्यांची लाल खारीक सुपात टाकतात, तो रुतब म्हणतो. तिघांची भांडणं पपईवर होतील, खजुरावर नाही.

ओट्यापाशी

लिनबाई पपईच्या सुपात डुकराची हाडं घालतात. तिनं सोनालीला विचारलं, सोनालीनं कानावर हात ठेवले. मग हाडांच्या जागी शेंगदाणे घातले. कच्ची पपई, शेंगदाणे, लाल खारका, आलं. ती तिकडं पातेलं ढवळत होती आणि मी तिनं दिलेलं काम करत होतो. तिनं एका भांड्यात पाणी घेतलं, मूठभर मीठ टाकलं आणि लिची त्यात सोडल्या. मी विचारलं, हे कशाला? फोन म्हणाला, "इसकी आग निकल जाएगी."

मी भांड्याकडं बघत राहिलो. पाण्यात फळं, आणि वर तिचा हात, एकेक खाली दाबणारा.

आमच्याकडं आंब्याच्या दिवसांत मोरीत बादली असायची. कुसुम आंबे दोन-तीन तास पाण्यात ठेवल्याशिवाय कुणाला हात लावू द्यायची नाही. मी दुकानातून भुकेला यायचो, बादलीतला आंबा उचलायचो, ती हातावर चापट मारायची. "निघू दे त्याची उष्णता." मी म्हणायचो, "पाण्यात घातल्यावर आंब्याची उष्णता निघते, मग माशाला ताप कसा येत नाही?" ती म्हणायची, "तुम्ही मासा नाही. बसा." दर वर्षी हेच. यंदा गाळ्यात आंबा आला, विकला, संपला. मी एक तोंडाला लावला नाही. बादली माळ्यावर पालथी आहे.

"आन्ना?" लिनबाई म्हणाल्या.

"कुछ नहीं. धुआँ," मी म्हटलं. धूर नव्हता. तिला कळलं असणार. तिनं एक लिची सोलून माझ्या हातावर ठेवली. पांढरी, गुबगुबीत, गोडाच्या मागून किंचित खारट.

सूप मी वाडग्यात वाढलं आणि मीच नेऊन दिलं. सोनालीनं एक चमचा घेतला, थांबली, दुसरा घेतला. मी दारात उभा. "अण्णा, बघत नका उभं राहू," ती म्हणाली. मी पाठ फिरवली. चमचा वाडग्याला लागल्याचा आवाज येत राहिला. मग वाडगा पुढं आला. "आणखी आहे का?"

कुसुम गेल्यापासून मला एवढा आनंद झाला नव्हता. ओट्यापाशी येऊन लिनबाईंना रिकामा वाडगा दाखवला. तिनं टाळी वाजवली.

मग रोज काही ना काही जायला लागलं. माझं पिठलं तूप घालून, अळिवाची खीर, तिची सुपं. दुधाचं म्हणाल तर हळूहळू वाढलं. सुपानं वाढलं, झोपेनं वाढलं की वाढायचंच होतं, ते डॉक्टरणीला विचारा. पावडरचा डबा मागं सरला एवढं मी डोळ्यांनी बघितलं. नातीचे गाल भरले.

लिनबाईंच्या नातवाला महिना भरला तेव्हा तिनं लाल रंगवलेली अंडी वाटली, ती त्यांची रीत. मी उलट अक्काचा उरलेला लाडू दिला. तिनं चावला, डोळे मोठे केले आणि फोन न घेताच म्हणाली, "गरम!"

निघायच्या आदल्या दिवशी

जुलै निम्मा सरला होता. सकाळी मी खालच्या दुकानातून पाकिस्तानी चौसा आंबा आणला. सिझनचा शेवटचा माल, वास मात्र जिन्यापासून घरभर. कुणासाठी आणला ते माझं मलाच नीट माहीत नव्हतं.

दुपारी सोनाली बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. चेहऱ्यावर रंग आलेला. नाक वर करून म्हणाली, "अण्णा, आंबा आणलाय का तुम्ही?"

"हो."

"मला चालेल ना आता?"

"थोडा. लिनबाईंना विचारलंय. तुझी डॉक्टरीण तर काहीही खा म्हणतेच."

"मग द्या की. भूक लागलीय." ती थांबली. बाळाकडं बघत म्हणाली, "पण आधी पाण्यात घाला हं. नाहीतर आई..."

तिनं वाक्य तिथंच सोडलं. पण ह्या वेळी रडू फुटलं नाही. नुसती हसली.

"चल दाखवतो," मी म्हटलं, आणि तिला बाळासकट न्हाणीघरात नेलं. तिथं त्यांची पोछ्याची निळी बादली मी सकाळीच घासून ठेवली होती. काठोकाठ पाणी, आणि तळाशी चौसा आंबे.

सोनालीनं एक उचलायला हात घातला. मी तिच्या हातावर चापट मारली.

"निघू दे त्याची उष्णता."

तास-दीड तास आम्ही दोघं बसून राहिलो. तिनं आईच्या गोष्टी काढल्या, मी काढल्या, नात मधे मधे कुरकुरली. मग मी आंबे कापले. एक वाटी शेजारच्या दारात देऊन आलो. सोनालीनं दोन फोडी खाल्ल्या, बोटं चाटली. यंदाचा पहिला आंबा मी त्या दिवशी खाल्ला, बाठा चोखून पांढरा होईपर्यंत.

परत आल्यावर माळ्यावरची बादली काढली. घासून मोरीत ठेवली आहे. आंब्याला अवकाश आहे, पण असू दे.